मेंदूच्या आलेखात स्वभाव दिसतो का? रिपोर्ट हातात आला की काय तपासायचं

ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेचा आलेख, काढून संपतो, डोक्यावरच्या वायरी निघतात, केसांतली पेस्ट मी ओल्या कापसाने पुसायला घेते, आणि पेशंटसोबत आलेलं माणूस हळूच विचारतं, "ताई, ह्याचा तापटपणा दिसला का हो त्यात?" मी मिरजेत ईईजी टेक्निशियन आहे. हा प्रश्न मला आयांनी विचारलाय, बायकांनी नवऱ्यांबद्दल विचारलाय, भाच्याचं लग्न जमवायला निघालेल्या एका मामांनीही विचारलाय. प्रश्न अगदी रास्त आहे. स्वभाव मेंदूतूनच येतो, मग मेंदूचा आलेख काढला तर तो दिसायला हवा, असं कुणालाही वाटेल.

पण ह्या साध्या विचारावर आता धंदा उभा राहिलाय. 'ब्रेन मॅपिंगने मुलाचा स्वभाव ओळखा, करिअर ठरवा' अशी पत्रकं शाळेच्या गेटवर वाटतात. पैसे भरून आणलेली रंगीत फाइल घेऊन आईबाप येतात आणि म्हणतात, जरा बघून सांगा. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. अशी फाइल किंवा 'मेंदूच्या स्कॅनवरून कळणार तुमचा स्वभाव' अशी बातमी समोर आली की ती कशी वाचायची, आणि स्वभावासाठी मेंदूची तपासणी खरोखर कधी करायची.

माझं म्हणणं आधीच सांगते. मेंदूत चालणारं काम आणि माणसाचा स्वभाव ह्यांचं नातं आहे. मात्र ते शेकडो-हजारो माणसं एकत्र मोजल्यावर पुसटसं दिसतं. एका माणसाच्या आलेखावरून त्याचा स्वभाव सांगता यावा इतकं ते ठळक नाही.

नेमकं मोजलं काय, ते आधी विचारा

'ब्रेन मॅपिंग' ह्या एका नावाखाली भलत्याच वेगवेगळ्या गोष्टी विकल्या जातात.

ईईजीत आम्ही नाकाच्या मुळाशी असलेल्या खळगीपासून डोक्यामागच्या हाडाच्या टोकापर्यंत टेप धरतो, त्या अंतराचे दहा आणि वीस टक्क्यांचे भाग पाडतो आणि ठरलेल्या जागी इलेक्ट्रोड चिकटवतो. ही पद्धत १९५८ पासून जगभर चालते. तिथे जे हाती लागतं ते साधारण १० ते १०० मायक्रोव्होल्टचं असतं. मायक्रोव्होल्ट म्हणजे एका व्होल्टचा दहा लाखावा भाग. कवटी आणि कातडी ओलांडून येणारा हा लाखो पेशींचा एकत्र आवाज असतो. गावाबाहेरच्या बांधावर उभं राहून जत्रेचा गलका ऐकावा, तसं. गर्दी आहे, ती जागी आहे की पांगली, कुठे आरडाओरडा झाला, एवढं कळतं. कोण काय बोललं ते कळत नाही.

फंक्शनल एमआरआय वेगळा. तो वीज मोजत नाही, रक्तातला ऑक्सिजन मोजतो. मेंदूचा एखादा भाग कामाला लागला की तिथला रक्तपुरवठा वाढतो, पण तो वाढून शिगेला पोचायला पाचसहा सेकंद जातात. साधा एमआरआय त्याहून वेगळा. तो फक्त रचना दाखवतो, मेंदू त्या वेळी काय करत होता हे नाही.

आणि शाळांच्या गेटवर सगळ्यात जास्त खपते ती डीएमआयटी. तिच्यात तर मेंदू मोजतच नाहीत. दहा बोटांचे ठसे घेतात आणि त्यावरून मेंदूचे 'भाग' किती टक्के बळकट आहेत ते छापतात. बोटांवरच्या रेषा आईच्या पोटात असतानाच बनतात, त्या मेंदूचं काम दाखवत नाहीत. ह्या चाचणीला वैज्ञानिक आधार नाही, असं इंडियन सायकियाट्रिक सोसायटीने जाहीरपणे म्हटलेलं आहे. तुमच्या फाइलमध्ये ठशांची पानं असतील तर ती तिथेच मिटा. पुढचं काही तपासायची गरज नाही.

पोलिसांच्या संदर्भात ऐकू येतं ते ब्रेन मॅपिंग आणखी निराळं. ओळखीची माहिती समोर आल्यावर मेंदू कसा प्रतिसाद देतो ते त्यात पाहतात, स्वभावाशी त्याचा संबंध नाही. संमतीशिवाय ती चाचणी करता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१० चा निकाल आहे.

त्या दिवशी माणूस कसा होता?

ही बाब माझ्या रोजच्या कामातली, म्हणून हिच्यावर जरा रेंगाळते.

जेना गावच्या हान्स बर्गर ह्या डॉक्टरने १९२४ मध्ये माणसाच्या डोक्यावरून पहिल्यांदा ही वीज नोंदवली आणि १९२९ मध्ये ती छापून जगाला दाखवली. डोळे मिटून शांत बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या मागच्या बाजूला सेकंदाला ८ ते १३ वेळा हेलकावणारी लय त्याला दिसली. तिला अल्फा म्हणतात. आम्ही आजही पहिल्यांदा तीच शोधतो. पेशंटला सांगते, "डोळे मिटा." अल्फा येते. "उघडा." जाते. चांगल्या रेकॉर्डिंगमध्ये हे इतकं स्पष्ट असतं की शेजारी उभ्या नातेवाइकांनाही दाखवता येतं.

आता बघा. तोच माणूस पाच मिनिटांनी पेंगायला लागला की अल्फा विरते आणि संथ लाटा येतात. रात्री झोपेची किंवा भीतीची गोळी घेतली असेल, तर पुढच्या भागात जलद बीटा लाटांची दाटी होते. लहान मुलाची लय मुळातच संथ असते. तीन वर्षांच्या मुलात ती सेकंदाला ८ च्या आसपास असते आणि दहाव्या वर्षाच्या सुमारास १० च्या जवळ पोचते. कपाळ आक्रसलं, दात आवळले की स्नायूंची वीज मिसळते. शेजारच्या पंख्याचं अर्थिंग नीट नसलं तर ५० हर्ट्झची घरगुती वीजही आलेखात येऊन बसते.

एका आईबाबांनी आणलेल्या फाइलमध्ये लिहिलं होतं: 'बीटा जास्त, म्हणून मूल चंचल व चिंताळू.' मी विचारलं, कुठलं औषध चालू आहे का? होतं. त्याच्याने बीटा वाढते हे कुठलाही मेंदुविकारतज्ज्ञ सांगेल. फाइल बनवणाऱ्याने औषधाचं नावही विचारलं नव्हतं. पोरगं मात्र गेले दोन महिने घरात 'चिंताळू' म्हणून वावरत होतं. मला सगळ्यात जास्त खुपतं ते हे. आलेखाचा अर्थ चुकला तर आलेख पुन्हा काढता येतो, पण मुलाला चिकटवलेलं विशेषण इतक्या सहज सुटत नाही.

म्हणून रिपोर्टमध्ये हे शोधा: वय, चालू औषधं, आदल्या रात्री किती झोप झाली, तपासणीच्या वेळी माणूस जागा होता की पेंगत होता, आणि आलेख कुणी वाचला त्याचं नाव व पदवी. ह्यांतलं काहीच नसेल, तर तो रिपोर्ट त्या अर्ध्या तासाबद्दलही धड बोलत नाही. मग स्वभावाचं कुठून सांगणार? स्वभाव म्हणजे वेगवेगळ्या प्रसंगांत, वर्षानुवर्षं, माणूस बहुतेक वेळा कसा वागतो ते.

हान्स आयझेंक ह्या मानसशास्त्रज्ञाचा अनुभव इथे लक्षात ठेवण्यासारखा आहे. त्याने १९६७ मध्ये मांडलं की अंतर्मुख माणसाचा मेंदू मुळातच जास्त जागृत असतो, म्हणून त्याला गोंगाट लवकर नकोसा होतो, आणि बहिर्मुख माणूस उत्तेजना शोधत फिरतो. कल्पना मोठी सुंदर होती, आणि ईईजीने तपासता येण्यासारखी होती. लोकांनी पुढे कितीतरी प्रयोग केले. काहींना तसं दिसलं, काहींना उलटं, काहींना काहीच नाही. पुष्कळसा फरक ह्यावरून पडत होता की प्रयोगशाळेत त्या माणसाला कंटाळवाणं बसवलं होतं की काही काम दिलं होतं. स्वभाव मोजायला गेले आणि त्या वेळची परिस्थितीच मोजली गेली.

स्वभाव कशाने मोजला?

बातमीत यंत्राचा फोटो मोठा असतो, आणि हा प्रश्न कुणी विचारतच नाही. गंभीर संशोधनात स्वभाव मोजतात तो प्रश्नावलीने. 'मला अनोळखी लोकांत मोकळं वाटतं', 'मी कामं वेळेत पुरी करतो' अशी वाक्यं, आणि त्यापुढे कितपत सहमत ते लिहायचं. उत्तरांतून पाच बाजू काढतात: बहिर्मुखता, काटेकोरपणा, इतरांशी जुळवून घेणं, मनाची अस्थिरता आणि नव्या अनुभवांबद्दलचा मोकळेपणा. मग त्या आकड्यांशी स्कॅनचे आकडे ताडून बघतात.

म्हणजे स्कॅन अचूक ठरला की नाही हे ठरवणारी मोजपट्टी ती प्रश्नावलीच. स्कॅन फार तर तिचा अंदाज बांधणार. मग स्वभाव समजून घ्यायचा असेल तर थेट प्रश्नावलीच का भरू नये? हे मी समजावते तेव्हा आईबाप क्षणभर गप्प होतात आणि मग म्हणतात, खरंच की.

तुमच्या फाइलमध्ये स्वभाव कुठल्या प्रश्नावलीने मोजला ते लिहिलं नसेल, तर त्यातली 'नेतृत्व ७३ टक्के' अशी वाक्यं कशावर पडताळली ते विचारा. लेखी विचारा, उत्तरही लेखी मागा.

माणसं किती होती, आणि नातं किती घट्ट?

इथे थोडं गणित आहे, पण घाबरू नका.

२००१ मध्ये टर्हान कॅन्ली आणि सहकाऱ्यांनी १४ स्त्रियांना स्कॅनरमध्ये आनंदी आणि दुःखी चित्रं दाखवली. बहिर्मुख स्त्रियांच्या मेंदूचे काही भाग आनंदी चित्रांना जास्त प्रतिसाद देताना दिसले. पुढच्या संशोधनाची वाट त्यातून खुली झाली, हे खरं. पण माणसं १४. २०१० मध्ये कॉलिन डीयंग ह्यांनी ११६ जणांचे एमआरआय घेतले आणि पाचांपैकी चार बाजूंचं मेंदूच्या ठरावीक भागांच्या आकाराशी नातं दिसतं असं लिहिलं. मग २०२० मध्ये ११०७ विद्यार्थ्यांवर दुसऱ्या गटाने तपासलं, तेव्हा मेंदूची रचना आणि ह्या पाच बाजू ह्यांच्यात नातं असल्याचा पुरावा फारसा सापडला नाही.

असं का होतं? स्कॅनमध्ये मेंदूचे हजारो-लाखो ठिपके असतात. एवढ्या ठिकाणी तपासलं की कुठेतरी योगायोगाने काहीतरी उजळणारच. क्रेग बेनेट आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये हे दाखवायला मेलेला सामन मासा स्कॅनरमध्ये ठेवला आणि त्याला माणसांचे फोटो दाखवले. योगायोगाची दुरुस्ती न करता हिशोब केला तर मेलेल्या माशाच्या मेंदूतही 'हालचाल' निघाली. त्याच वर्षी एडवर्ड वूल आणि इतरांनी भावना व व्यक्तिमत्त्वावरच्या कितीतरी अभ्यासांकडे बोट दाखवलं: आधी सगळ्यात जास्त जुळणारे ठिपके निवडायचे आणि मग त्याच ठिपक्यांवरून 'बघा किती जुळतं' म्हणायचं, ह्याने आकडा फुगतो.

२०२२ मध्ये 'नेचर'मध्ये सुमारे ५०,००० माणसांच्या स्कॅनवर आधारलेला अभ्यास आला. मेंदू आणि वागणूक ह्यांचं खात्रीचं नातं सापडायला हजारो माणसं लागतात, असं त्यात निघालं. तोवर अशा अभ्यासांत साधारण २५ च्या आसपास माणसं घ्यायची पद्धत होती. म्हणून बातमी वाचताना पहिल्यांदा आकडा शोधा. वीसतीस माणसं असतील तर 'रोचक आहे' म्हणा आणि पुढे चला.

दुसरा आकडा सहसंबंधाचा. तो ० म्हणजे नातं नाही, १ म्हणजे तंतोतंत. २०१८ मध्ये ८८४ जणांच्या फंक्शनल एमआरआयवरून स्वभावाचा अंदाज बांधायचा प्रयत्न झाला. पाचांपैकी सगळ्यात बरा अंदाज आला तो मोकळेपणाचा, आणि तिथे सहसंबंध होता ०.२४ च्या आसपास. ह्याचा अर्थ लावायची एक सोपी रीत आहे. समजा माणसांचे दोन निम्मे भाग केले, जास्त मोकळे आणि कमी मोकळे. नाणं उडवून सांगितलं तर शंभरात ५० बरोबर येतील. ०.२४ च्या नात्यावरून सांगितलं तर साधारण ५८ बरोबर येतील. ०.०६ असेल तर ५२. संशोधकासाठी ५८ ही मोलाची गोष्ट आहे, कारण तिथून मेंदूबद्दल काहीतरी कळतं. तुमच्या मुलीने कुठली शाखा घ्यावी हे ठरवायला ती पुरत नाही.

आणि हे आकडे निदान नव्या, आधी न पाहिलेल्या माणसांवर तपासलेले आहेत. फाइल देणाऱ्याला एवढंच विचारा, "तुमचा अंदाज नव्या माणसांवर शंभरात किती वेळा खरा ठरला, आणि ते कुठे छापलंय?"

डाव्या मेंदूची माणसं हिशोबी, उजव्या मेंदूची कलावंत, असा एक समज आहे; ते प्रकरण एका वाक्यात संपवते. भाषेसारखी काही कामं एका बाजूला जास्त झुकलेली असतात हे खरं, पण २०१३ मध्ये १०११ जणांच्या स्कॅनमध्ये 'हा डाव्या मेंदूचा, तो उजव्या मेंदूचा' अशी माणसं सापडली नाहीत.

आधी काय, मग काय?

समजा नातं खरं निघालं. तरी मेंदूमुळे स्वभाव, की जगण्यामुळे मेंदू, हे उरतंच. लंडनमध्ये टॅक्सीचं लायसन्स मिळवायला हजारो रस्ते पाठ करावे लागतात. तिथल्या चालकांच्या मेंदूतला हिप्पोकॅम्पसचा (रस्ते-जागा लक्षात ठेवायला लागणाऱ्या भागाचा) मागचा भाग इतरांपेक्षा मोठा असतो, हे २००० मध्ये एलिनॉर मॅग्वायर ह्यांनी दाखवलं. नंतर २०११ मध्ये शिकाऊ चालकांचे आधीचे आणि नंतरचे स्कॅन ताडले, तेव्हा परीक्षा पास झालेल्यांत तो भाग वाढलेला दिसला. सुरुवातीला सगळे सारखेच होते. सराव मेंदू बदलतो. म्हणून 'तुमच्या मुलाचा मेंदूच असा आहे' हे वाक्य कुणी शेवटचा निकाल म्हणून सांगितलं, तर ते मानू नका.

स्वभाव समजून घ्यायचाच असेल तर

मोठ्यांसाठी: लुइस गोल्डबर्ग ह्यांनी उभा केलेला 'आयपीआयपी' हा प्रश्नांचा साठा सगळ्यांना फुकट खुला आहे, त्यावरून केलेली १२० वाक्यांची प्रश्नावलीही मिळते. इंग्रजी वाचता येत असेल तर स्वतः भरा. मग तुम्हाला रोज पाहणाऱ्या एका माणसाला तुमच्याबद्दल भरायला सांगा. बायको, भाऊ, ऑफिसातली मैत्रीण, कुणीही. दोन्ही कागद शेजारी ठेवा. जिथे फरक पडतो तिथे बोलण्यासारखं असतं. महिन्या-दीड महिन्याने पुन्हा भरा, त्या दिवसाची मनःस्थिती किती होती ते कळेल.

मुलांसाठी मी असली कुठलीच चाचणी घरी करायला सांगत नाही. अभ्यास, राग, एकलकोंडेपणा ह्याची खरी काळजी वाटत असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेल्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे न्या. नोंदणी क्रमांक विचारायला संकोच नको. लगेच कुणाशी बोलायचं असेल तर सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ ह्या नंबरवर चोवीस तास मोफत आहे.

तपासणी खरंच कधी करायची: स्वभाव बदलला तेव्हा

स्वभाव 'कसा आहे' ह्यासाठी ईईजी काढू नका. पण मोठ्या माणसाचा स्वभाव 'बदलला' असेल तर एक दिवसही टाळू नका. ह्या दोहोंत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

१८४८ मध्ये अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये रेल्वेच्या कामावर सुरुंग ठासताना फिनिअस गेज ह्या मुकादमाच्या कवटीतून साडेतीन फुटांहून लांब लोखंडी पहार आरपार गेली. तो जगला, पण त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉ. हार्लो ह्यांनी लिहिलं की शांत, भरवशाचा माणूस लहरी आणि तोंडाळ झाला. पुढे त्याने चिलीत कित्येक वर्षं घोडागाडी हाकली, म्हणजे तो बराच सावरलाही. मेंदूच्या पुढच्या भागाला धक्का बसला तर स्वभाव बदलू शकतो, हे तेव्हापासून डॉक्टरांच्या मनात आहे.

आपल्या घरांत पहार नसते, इतर कारणं असतात. पंचेचाळीस ते पासष्टच्या वयात काटकसरी माणूस वेडेवाकडे पैसे उधळू लागतो, हळवी बाई घरातल्या मृत्यूवरही कोरडी राहते, चारचौघांत नको ते बोलते, गोड खात सुटते, आणि स्मरणशक्ती मात्र ठीक असते. हा फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया, म्हणजे मेंदूचा पुढचा आणि कानाजवळचा भाग झिजत जाणारा आजार, असू शकतो. घरचे त्याला 'वयाचा हट्ट' म्हणतात, आणि वर्षं जातात. ह्यात सुरुवातीला ईईजी बहुतेकदा नॉर्मल येतो, हे मी आवर्जून सांगते. ईईजी नॉर्मल म्हणजे सगळं ठीक, असं समजून घरी बसू नका. इथे एमआरआय आणि मेंदुविकारतज्ज्ञाची तपासणी लागते.

आजोबा न्हाणीत घसरले, डोकं आपटलं, तेव्हा काही झालं नाही, आणि काही आठवड्यांनी ते सुस्त किंवा चिडके झाले, तर कवटीच्या आत हळूहळू रक्त साचलेलं असू शकतं. सीटी स्कॅनमध्ये ते दिसतं, आणि वेळेत काढलं तर माणूस पुन्हा पहिल्यासारखा होऊ शकतो. थायरॉईड, बी-१२ ची कमतरता, रक्तातलं सोडियम कमी होणं, म्हाताऱ्या माणसाचा लघवीचा संसर्ग, ह्यांनीही माणूस बदलल्यासारखा वागतो. एकदोन दिवसांतच बोलणं भरकटलं, दिवस-रात्रीचं भान सुटलं, तर ती तातडीची बाब. तिथे ईईजीत सगळीकडे संथ लाटा दिसतात आणि डॉक्टरांना त्याची मदत होते. मधूनच टक लावून बघणं, ओठ चाटणं, अचानक भीती दाटून येणं आणि मग काही न आठवणं, ह्यातही ईईजी हवाच, कारण ती फिट असू शकते.

डॉक्टरांकडे जाताना कागदावर लिहून न्या: पहिल्यांदा कधी जाणवलं, आधी माणूस कसा होता, आता काय करतो. 'विचित्र वागतात' असं लिहू नका. 'दिवाळीपासून शेजाऱ्यांच्या ताटातलं उचलून खातात' असं लिहा. झटके येत असतील तर मोबाइलवर व्हिडिओ काढा. सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत घ्या, झोपेच्या आणि आयुर्वेदिक गोळ्यांसकट.

ईईजी सांगितला असेल तर आदल्या दिवशी शाम्पूने केस धुवा आणि तेल लावू नका, तेलावर इलेक्ट्रोड चिकटत नाही. उपाशी येऊ नका. कमी झोपून या असं डॉक्टरांनी सांगितलं असेल तर तेवढंच पाळा. फिटची गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. आणि फॉर्मवर 'कशासाठी' ह्या रकान्यात 'स्वभाव' एवढंच लिहू नका, काय बदललं आणि कधीपासून ते लिहा. आलेख वाचणाऱ्या डॉक्टरांना नेमकं कुठे बघायचं ते त्या एका ओळीवरून कळतं.